कळलंय ना? मग सांगून बघा

वीजबिल हातात घ्या. महावितरणचं असेल तर त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात. आपण त्यातली शेवटची रक्कम तेवढी बघतो, ‘या वेळी जरा जास्तच आलंय’ असं म्हणतो आणि फोनवरून भरून टाकतो. ‘तुम्हाला बिल वाचता येतं का?’ असं कुणी विचारलं तर रागच येईल. आता तेच बिल घरातल्या कुणाला तरी ओळीओळीनं समजावून सांगायला बसा. सासूबाई चालतील, नववीतला भाचा चालेल. तो विचारेल, ‘मामी, विजेचे पैसे वर घेतलेच आहेत ना, मग हा वहन आकार वेगळा कशाला?’ आणि इथे आपली गाडी अडते.

वहन आकार म्हणजे वीज तारांमधून आपल्या दारापर्यंत आणून पोचवण्याचा खर्च. तो युनिटमागे लागतो. हे शोधायला दोन मिनिटं पुरतात, पण भाच्यानं विचारेपर्यंत ते शोधायला हवं आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं. पुढचा प्रश्न त्याहून नामी आहे. गेल्या महिन्यात २९० युनिट जळली, या महिन्यात ३१०. बिल किती वाढेल? कित्येक घरांत ठाम समजूत असते की ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. त्या धास्तीनं महिनाअखेरीला गिझर बंद होतो. घरगुती बिलाचा हिशेब तसा नसतो. पहिल्या १०० युनिटना पहिल्या टप्प्याचा दर लागतो, १०१ ते ३०० ला दुसऱ्या टप्प्याचा आणि तिसऱ्या टप्प्याचा चढा दर लागतो तो फक्त वरच्या १० युनिटना. बिल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दहा वेळा वाचूनही जे लक्षात आलं नसतं, ते एका माणसाला सांगायला बसल्यावर आलं.

येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल या दोघांनी २००२ साली नेमकी हीच गंमत तपासून पाहिली. कपड्याची चेन, कुलूप, फ्लशची टाकी असल्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं, असं त्यांनी लोकांना आधी विचारलं. लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग ‘आता पायरीपायरीनं लिहून दाखवा’ म्हटल्यावर लेखण्या थबकल्या आणि त्याच लोकांनी स्वतःचे गुण आपणहून खाली आणले. हे लोक काही ढ नव्हते. रोज हाताळलेली वस्तू आपल्याला कळलेली आहे असं वाटणं हा माणसाचा स्वभावच आहे.

‘शिकायचं कसं’ आणि ‘बोलायचं कसं’ हे दोन वेगळे विषय धरून आपल्याकडे वेगवेगळे क्लास निघाले आहेत. एकीकडे स्मरणशक्तीच्या युक्त्या शिकवतात, दुसरीकडे व्यक्तिमत्त्व विकास, म्हणजे बऱ्याचदा हात कसे हलवायचे आणि नजर कुठे ठेवायची. मला यातलं दुसरं तर फारच वरवरचं वाटतं. सांगण्यासारखं काही पक्कं असेल तर हात आपोआप हलतात. रोजच्या व्यवहारात ही दोन्ही कौशल्यं एकाच सवयीनं येतात. वाचलेलं, ऐकलेलं, पाहिलेलं बाजूला ठेवायचं आणि ते आपल्या शब्दांत कुणाला तरी सांगून बघायचं. सांगता सांगता ते आपलं होतं आणि सांगायची सवयही होते.

ते आपलं होतं हे नुसतं म्हणायला नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं चारही सत्रांत तो फक्त वाचला. दुसऱ्यानं पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत कागद समोर न ठेवता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांची सरशी झाली, त्यांना ८३ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानं पारडं फिरलं. वाचणारे ४० टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ६१ वर राहिले. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. परीक्षेच्या आदल्या रात्री पिवळ्या पेननं सगळं पुस्तक रंगवणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवायला हरकत नाही. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण ‘येतं’ असं समजतो.

आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, श्लोक, तिथी सगळं पुस्तक न बघता तोंडानं. त्या काळाचे उमाळे काढणाऱ्यांत मी नाही, कारण त्या घोकंपट्टीत ‘का’ विचारायची सोय फारशी नव्हती. पण एक गोष्ट त्यात बरोबर होती. डोक्यात गेलेलं रोज तोंडावाटे बाहेर येत होतं आणि कुणीतरी मोठं माणूस ते ऐकत होतं. आज तेवढं उचलायचं आणि त्याला ‘का’ची जोड द्यायची. रात्री जेवताना मुलांना ‘आज शाळेत काय शिकवलं?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘काही नाही’ हेच असतं. ‘बाष्पीभवन म्हणजे काय रे? ओले कपडे उन्हाशिवाय पण वाळतात, ते कसे?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. या गप्प बसण्यातच खरी मेहनत आहे. तीन सेकंदांत आपण स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो.

मोठ्यांनी स्वतःसाठी हेच करावं. ऑफिसात नवीन प्रणाली शिकवली, बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे नियम सांगितले, यूट्यूबवर खताच्या मात्रेचा व्हिडिओ बघितला, की त्याच दिवशी कुणाला तरी पाच मिनिटांत सांगा. मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. ऐकणारा दर वेळी वेगळा असला तर उत्तम, त्याला कंटाळा येत नाही आणि आपल्याला नवे प्रश्न मिळतात. घरी कुणी ऐकणारं नसेल तर फोनचं रेकॉर्डिंग लावून दोन मिनिटं बोला आणि मग ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा नकोसा वाटतो, तिकडे दुर्लक्ष करा. आपण ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘असं ते तसं’ कुठे म्हणतो ते तेवढं टिपा. जिथे हे शब्द दाटीनं येतात, तिथेच बहुतेक वेळा आपलं ज्ञान पातळ असतं.

टिपणांबद्दल थोडं. फळ्याचा किंवा पडद्याचा फोटो काढला की काम झालं असं हल्ली वाटतं. ते फोटो पुन्हा कोण उघडतं? मायकल फॅरेडे लंडनमध्ये पुस्तकबांधणीची उमेदवारी करत होता तेव्हा, १८१२ साली, त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांना बसायला मिळालं. ऐकताना त्यानं टिपणं घेतली, नंतर घरी बसून ती विस्तारानं लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतः बांधणी केली आणि तो सुमारे ३०० पानांचा ग्रंथ खुद्द डेव्हीला पाठवला. पुढच्या वर्षी त्याला डेव्हीच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळाली. शाळा जेमतेम झालेल्या पोराला विज्ञानाची दारं उघडली ती या वहीनं. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आलं ते त्या लिहून घेण्यामुळे. आपल्याला ३०० पानं लिहायची नाहीत. ऐकताना फक्त खुणेचे शब्द टिपायचे आणि त्याच रात्री वही मिटून, त्या शब्दांवरून चार ओळी स्वतःच्या वाक्यांत लिहायच्या. सरावाला चांगली जागा हवी असेल तर गावोगावच्या व्याख्यानमाला आहेत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. व्याख्यानाहून परतताना सोबत्याला ‘वक्त्याचं म्हणणं काय होतं’ हे रिक्षा घरी पोचेपर्यंत सांगून बघा. ‘छान बोलले’ एवढंच सांगता आलं, तर आपण ऐकलं नाही, नुसते बसून आलो.

आता दुसरी बाजू. आपल्याला पक्कं येतं, पण समोरच्याला कळत नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीनं एक साधा खेळ मांडला. एकानं सर्वांना माहीत असलेल्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, वाद्यं सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याला फक्त टकटक. ज्यानं कुणाला फोनवर आपल्या घरचा पत्ता सांगितला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. ‘जुन्या पेट्रोल पंपाच्या इथून आत या’ असं आपण सांगतो, आणि तो पंप पाडून तिथे कधीचंच मंगल कार्यालय झालेलं असतं.

यावर तोडगा एकच, ऐकणाऱ्याकडून परत वदवून घेणं. पण ‘समजलं का?’ असं विचारून नाही. आपल्याकडे ‘समजलं का’ला ‘हो’ हेच उत्तर आहे. नाही म्हणणं म्हणजे आपण मंद ठरणं, किंवा समोरच्या मोठ्या माणसाचा अपमान. दुकानात नव्यानं लागलेला मुलगा, घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, हाताखालचा कारकून, कुणालाही काम सांगितल्यावर चूक आपल्या अंगावर घेऊन विचारावं: ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. आता तू आधी काय करशील?’ त्याच्या उत्तरात राहिलेली जागा लगेच दिसते आणि कुणाचा पाणउतारा होत नाही.

विमानवाहतुकीत ही शिस्त फार मोठी किंमत मोजून आली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका वैमानिकाला उड्डाणाची परवानगी मिळाली असं वाटलं होतं, ती मिळालेली नव्हती. मधल्या संभाषणात एक ‘ओके’ होता आणि त्यापुढचे शब्द खरखरीत बुडाले. त्यानंतर शब्दांचे नियम कडक झाले. महत्त्वाच्या सूचनेचं नुसत्या ‘ओके’वर भागत नाही, ती शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते.

ही शिस्त घरात सर्वांत जास्त उपयोगी पडते ती दवाखान्यात. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी ४० ते ८० टक्के माणूस लगेच विसरतो असं डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये नोंदवलं आहे, आणि जे आठवतं त्यातलं जवळपास निम्मं चुकीचं असतं. आईला घेऊन जाताय? निघण्यापूर्वी एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: मुख्य त्रास काय, केव्हापासून, आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची पाकिटंच सोबत घ्या, ‘ती पांढरी छोटी’ या वर्णनाच्या गोळ्या शेकड्यांनी आहेत. आत गेल्यावर पहिल्या वाक्यातच मुख्य त्रास सांगा. बेकमन आणि फ्रँकल या अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये मोजलं तेव्हा रुग्णाचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडलं जात होतं, त्यामुळे लग्नाच्या जेवणापासून सुरुवात केली तर पोटदुखीपर्यंत पोचेपर्यंत वेळ संपते. आणि उठण्यापूर्वी म्हणा, ‘डॉक्टर, मी एकदा म्हणून दाखवते. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी, नंतर अर्धा तास चहा नाही. कॅल्शियमची दुपारी जेवणानंतर. बरोबर?’ या दोन गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर लागतं, एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. परत म्हणून दाखवलं नाही, तर आई दोन्ही गोळ्या ‘एकदाच घेऊन टाकू’ म्हणून सकाळी घेत राहणार. बाहेर गर्दी असली तरी हे अर्धं मिनिट मागायला संकोच करू नये. आणि ‘म्हणून दाखव’ हे आईलाच म्हणायला लावलं तर आणखी बरं, गोळ्या तिला घ्यायच्या आहेत.

लेखी बोलणं हल्ली जास्त झालंय, तेव्हा व्हॉट्सॲपबद्दलही सांगायला हवं. ‘ताई, आहात का?’ असा निरोप येतो आणि पुढे शांतता. ताईंनी ‘हो, बोला’ म्हणायचं, मग ‘एक काम होतं’, मग पुन्हा वाट. तीन फेऱ्या झाल्या तरी काम कळत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘नमस्कार मॅडम, मी सहावी ब मधल्या आर्याची आई. तिला ताप आहे, आज आणि उद्या ती शाळेत येणार नाही. गुरुवारची चाचणी सोमवारी देता येईल का? उद्या संध्याकाळपर्यंत कळवलंत तरी चालेल.’ कोण, काय झालं, काय हवंय, केव्हापर्यंत. मॅडमना एका शब्दात उत्तर देता येतं. पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारावं की समोरच्या माणसानं हे वाचून नेमकं काय करायचं आहे. ते आपल्यालाच सांगता येत नसेल तर निरोप अजून तयार नाही. वाद, आजारपण, पैशांची मागणी आणि आत्याची समजूत या गोष्टी मात्र टाइप करू नयेत. फोन करावा, आणि आत्याच्या बाबतीत शक्य असेल तर घरी जावं.

‘हे सगळं मराठीत झालं, पण नोकरीत अडतं ते इंग्रजीपाशी’ असं तरुण मुलं म्हणतात. खरं आहे. पण मुलाखतीत अडखळणाऱ्या मुलाला ‘तुझा प्रकल्प मला मराठीत सांग’ म्हटलं तर बऱ्याच वेळा तिथेही तो अडखळतो. म्हणजे ओझी दोन आहेत, भाषेचं आणि मजकुराचं, आणि तो दोन्ही एकदम उचलू पाहतो. आधी मराठीत सांगून मजकूर पक्का करावा: काय बनवलं, का बनवलं, कुठे अडलं, कसं सुटलं. मग तोच मजकूर सोप्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत. अमुक दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या जाहिरातींत हा क्रम उलटा असतो, तिथे वाक्यं तयार मिळतात आणि आत भरायला काही नसतं.

राहिलं चारचौघांत उभं राहून बोलणं. त्यासाठी व्यासपीठ शोधत हिंडायला नको. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि तिची सूचना चौदा दिवस आधी येते. एवढी मुदत तयारीला भरपूर आहे. समजा गच्चीतून गळती होतेय. सभेत हा विषय निघाला की एक जण उठतो आणि गेल्या पाच वर्षांची सगळी हकिकत सांगू लागतो, चिटणीसांचे नातेवाईकही त्यात येतात, आवाज चढतात आणि चहा येतो. यापेक्षा नारदीय कीर्तनाकडून थोडं शिकावं. कीर्तनकार पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्यातला विचार उलगडतो आणि उत्तररंगात तोच विचार एका आख्यानातून डोळ्यांसमोर उभा करतो. विचार एक आणि आख्यान एक, म्हणून तर कुठे थांबायचं हे त्याला माहीत असतं आणि श्रोत्यांना घरी जाताना काय ऐकलं ते सांगता येतं. सभेत दोनच मिनिटं मिळतात असं धरून चाला. पहिल्या वाक्यात मागणी: ‘दिवाळीपूर्वी गच्चीच्या जलरोधक कामासाठी तीन निविदा मागवाव्यात असा माझा प्रस्ताव आहे.’ मग एकच प्रसंग, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या देवघरातल्या भिंतीचा, जुलैतल्या फोटोसकट. मग खर्चाचा अंदाज आणि पैसा कोणत्या निधीतून यावा ते. मग पुन्हा मागणी आणि खाली बसणं. आदल्या दिवशी घरातल्या कुणाला तरी हे दोनदा बोलून दाखवा आणि त्यांना विचारा, ‘मी काय मागितलं?’ त्यांचं उत्तर चुकलं तर वाक्य बदला.

कुणी मध्येच आडवं बोललं तर लगेच खोडून काढू नका. ‘तुमचं म्हणणं असं की वर्गणी आत्ताच वाढवू नये, बरोबर ना?’ असं आधी त्यांचं त्यांना सांगा. निम्म्या वेळा ते ‘तसं नाही’ म्हणतात आणि स्वतःच मवाळ होतात. उरलेल्या निम्म्या वेळा निदान तुम्ही त्यांच्या खऱ्या मुद्द्याला उत्तर देता. ठराव झाला की अध्यक्षांना त्याचा मजकूर मोठ्यानं वाचायला सांगा, सूचक आणि अनुमोदक कोण तेही. इतिवृत्ताचा मसुदा आल्यावर तो पहिल्या ओळीपासून वाचा. ‘गळतीबाबत चर्चा झाली’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ठरावाचे नेमके शब्द, निविदांची संख्या आणि मुदत घालून दुरुस्ती लेखी द्या आणि तिची पोच घ्या.